मिड सफोक: ग्रीन पार्टीला ३४ पैकी २४ जागा. टीव्हीवर सांगतात तेवढं सोपं नाहीये ते

सफोककर | ७ मे २०२३
गुरुवारी ४ मेला इंग्लंडमधल्या २३० कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या त्यात आमची मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलही होती, आणि शुक्रवारी निकाल आला तो असा: ग्रीन २४, कॉन्झर्व्हेटिव्ह ६, लिबरल डेमोक्रॅट ४, लेबर शून्य. एकूण जागा ३४. ब्रिटनमध्ये ग्रीन पार्टीला एखाद्या कौन्सिलमध्ये स्वतःच्या जिवावर बहुमत मिळायची ही पहिलीच वेळ. ब्रायटनमध्ये त्यांनी कारभार केलाय, पण तो अल्पमतातला, आणि गंमत म्हणजे परवा त्याच ब्रायटनमध्ये त्यांचा पार धुव्वा उडाला, ५४ पैकी ७ वर आले आणि लेबर ३८ घेऊन बसली.

काल राजा चार्ल्सचा राज्याभिषेक होता त्यामुळे टीव्हीवर निकालाला जेमतेम जागा मिळाली आणि जी मिळाली त्यात एकच वाक्य, पंतप्रधान सुनकचा पराभव. टोरींनी (म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांनी) देशभरात हजाराच्या वर कौन्सिलर गमावले हे खरंच आहे. जॉन्सनच्या लॉकडाऊनमधल्या पार्ट्या, लिझ ट्रसचं ते मिनी बजेट, मॉर्टगेजचे दर, लोक वैतागलेले होते. पण मग ती मतं लेबरला का नाही गेली इथे? हवामानबदल म्हणावं तर तेही पटत नाही. हा भाग म्हणजे स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट, आय अशी छोटी गावं आणि मधे नुसती शेती, बार्ली आणि सध्या पिवळीधमक रेपसीड. युनिव्हर्सिटी नाही, सायकलवाल्या तरुणांची वस्ती नाही, २०१६ ला ब्रेक्झिटच्या बाजूने कौल दिलेला भाग आहे हा.

माझं मत सांगतो. हे एका रात्रीत झालेलं नाही. २०१९ लाच ग्रीनकडे १२ जागा होत्या, टोरींकडे १६, लिबडेम ५ आणि एक अपक्ष. म्हणजे ग्रीन अधिक लिबडेम बरोब्बर १७, अर्धी कौन्सिल, तरी सत्तेत टोरीच राहिले. तिथून पुढची चार वर्षं हे लोक दारोदार फिरतायत. निवडणूक नसताना पण दारात पत्रक पडतं, त्यात ध्रुवीय अस्वल वगैरे काही नाही, अमुक रस्त्यावरच्या खड्ड्याचं कौंटीला (वरच्या कौन्सिलला) कळवलंय, तमुक प्लॅनिंग (बांधकाम परवानगीच्या) अर्जावर हरकत नोंदवायची शेवटची तारीख ही आहे, असं. आणि इथला खरा विषय प्लॅनिंगच आहे. गावाच्या कडेला शे-दोनशे घरांची इस्टेट मंजूर होते आणि जीपीची सर्जरी (म्हणजे डॉक्टरचा दवाखाना) तीच, शाळा तीच, रस्ता तोच एका गाडीचा. त्यात नॅशनल ग्रिड या वीज कंपनीची नॉर्विच ते टिलबरी हाय टेन्शन लाइन येतेय, १८० किलोमीटरच्या आसपास, पन्नास मीटर उंचीचे खांब, ती इथल्याच शेतांमधून जाणार. पिढ्यानपिढ्या टोरींना मत देणारे शेतकरी आणि रिटायर्ड मंडळी या दोन गोष्टींवरून भडकलेली होती आणि त्यांच्या दारात जे माणूस येऊन बोललं त्याला त्यांनी मत दिलं.

तुमच्याकडे कोणाच्या डिस्ट्रिक्टमध्ये काय झालं तेही लिहा.

---

कोथरूडकर | ७ मे २०२३
वा, भारी धागा. आधी एक बेसिक शंका, डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषद का पंचायत समिती का नगरपालिका? आणि तुम्ही तिकडे मत देऊ शकता?? पासपोर्ट तर भारतीयच आहे ना अजून?
अवांतर: आमच्या पुण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे. ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, सुप्रीम कोर्ट, तारीख पे तारीख. तुम्ही खड्ड्याबद्दल पत्रक येतं म्हणता, इथे खड्डा कोणाला दाखवायचा तेच कळत नाही.

---

सफोककर | ७ मे २०२३
@कोथरूडकर, हो पासपोर्ट भारतीयच आहे. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक असाल आणि इथे राहायचा कायदेशीर व्हिसा असेल तर मतदार यादीत नाव घालून घेता येतं, लोकलच काय संसदेच्या निवडणुकीत सुद्धा मत देता येतं. आपल्याकडच्या आयटीवाल्या निम्म्या जनतेला हे माहीतच नसतं, मार्टलशमला टेलिकॉमच्या प्रोजेक्टवर आलेली कितीतरी मराठी पोरं इप्सविचमध्ये राहतात, विचारलं की म्हणतात अरे आपण तर वर्क परमिटवर. घरी यादीचा फॉर्म येतो तो भरायचा, बस. यावेळी पहिल्यांदाच फोटो आयडी लागत होता, भारतीय पासपोर्ट चालतो.

दुसरं, यांच्याकडे आमच्या भागात तीन मजले आहेत. खाली पॅरिश किंवा टाऊन कौन्सिल, बाकं, मैदान, स्मशानभूमी वगैरे बघते. मधे डिस्ट्रिक्ट, तिच्याकडे कचरा उचलणं, प्लॅनिंग परवानग्या, कौन्सिलची घरं, हॉटेलांची स्वच्छता तपासणी, लायसन्स. वरती कौंटी, तिच्याकडे शाळा, म्हाताऱ्यांची आणि अपंगांची देखभाल, रस्ते, लायब्ररी. कौन्सिल टॅक्स गोळा करते डिस्ट्रिक्ट, बिलावर नाव तिचं, पण त्यातला मोठा वाटा जातो कौंटीला आणि डिस्ट्रिक्टला मिळतो छोटासा तुकडा. त्यामुळे शिव्या खायला ही आणि पैसे घ्यायला ती. कचरा उचलते डिस्ट्रिक्ट पण त्याची विल्हेवाट लावते कौंटी, आता बोला.

---

टवाळ_टिकोजी | ७ मे २०२३
म्हणजे थोडक्यात, समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज हवी, पण तिची तार आमच्या शेतावरून नको. घरं हवीत पण आमच्या गावात नको. आणि याला नाव ग्रीन. छान आहे.

---

सफोककर | ७ मे २०२३
@टिकोजी, ही टीका इथे पण होतेच आणि त्यात तथ्य आहे. त्यांचं म्हणणं तार जमिनीवरून न्यायच्या ऐवजी समुद्रातून केबल न्या. नॅशनल ग्रिड म्हणते त्याला खर्च फार. पण एक लक्षात घ्या, खांबांना इथले टोरी खासदार पण विरोध करतच होते. ते मत ग्रीनच्या पदरात पडलं कारण टोरींचंच सरकार वर बसलेलं, मग त्यांच्याच स्थानिक माणसाने विरोध केला तरी लोक म्हणणार की जा आणि तुझ्या मंत्र्याला सांग.

---

स्लाउवासी | ८ मे २०२३
आमच्याकडे उलटी गंगा. सगळा देश टोरींना हाणतोय आणि स्लाउमध्ये लेबरचं बहुमत जाऊन टोरी सगळ्यात मोठा पक्ष, ४२ पैकी २१. लेबर १८, लिबडेम ३. (आमची कौन्सिल डिस्ट्रिक्ट नाही, सगळे अधिकार एकाच ठिकाणी असलेली युनिटरी आहे, पण विषय तोच म्हणून लिहितोय.)

कारण सरळ आहे, २०२१ च्या जुलैत कौन्सिलने दिवाळखोरीची ११४ कलमाची नोटीस काढली. केंद्राने कमिशनर बसवले, मालमत्ता विकायला काढल्या, आणि या एप्रिलपासून कौन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढवला. एरवी कायद्याने एवढी वाढ करायला सार्वमत घ्यावं लागतं, आम्हाला, थरॉकला आणि क्रॉयडनला सरकारने खास सूट दिली, क्रॉयडनला तर १५ टक्के. आता मला सांगा अशा वेळी सुनक आवडतो का नाही हा प्रश्न कोण विचारत बसणार. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर महिनाभर फक्त एकच विषय होता, बिल. तेव्हा सफोककर म्हणतात ते पटतंय की लोक लोकल निवडणुकीत लोकलच बघतात, फक्त पेपरवाल्यांना ते छापायला कंटाळा येतो.

---

लेस्टरची_माई | ८ मे २०२३
स्लाउवासी, आमचं ऐका मग. २०१९ ला ५४ पैकी ५३ लेबर. विरोधी पक्ष म्हणजे एक लिबडेम बिचारा. आता लेबर ३१, कॉन्झर्व्हेटिव्ह १७, लिबडेम ३, ग्रीन ३. आणि हे सगळं पक्षाने स्वतःच्या हाताने केलं. एक तर १९ चालू कौन्सिलरांना परत तिकीटच दिलं नाही, त्यातले बरेच आपले एशियन. त्यात थेट निवडून येणारा महापौर हवा का नको यावरून पक्षात फूट, नको असं मत दिलं त्यांना निलंबित केलं. काहीजण मग दुसऱ्या पक्षातून नाहीतर अपक्ष म्हणून उभे राहिले. बेलग्रेव्ह, रशी मीडच्या बाजूला तर वर्षानुवर्षं डोळे मिटून लेबरला मत देणारी गुजराती घरं फिरली. गेल्या वर्षी सप्टेंबरात जो दंगा झाला त्याचा राग पण होता, त्यात आत्ता शिरत नाही कारण धागा कुठल्या कुठे जाईल. महापौर मात्र परत लेबरचेच सर पीटर सोल्सबी. त्याच दिवशी, त्याच केंद्रावर, दोन वेगळे कागद, आणि लोकांनी दोन वेगळे निकाल दिले.

---

संपादक_नाही_मी | ८ मे २०२३
माई, तिकीट नाकारलं की बंडखोरी, हे वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं.

---

देवनागरी_पेन्सिल | ८ मे २०२३
मी एका पक्षातर्फे मोजणीला काउंटिंग एजंट म्हणून बसले होते, सफोकमध्ये नाही, दुसऱ्या एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणून मोजणीबद्दल लिहिते कारण आपल्याकडे मशीन असल्याने हे बघायला मिळत नाही.

सगळं कागदावर आणि हाताने. मतदान संपतं रात्री दहाला, पेट्या सील करून येतात. काही ठिकाणी रात्रीच मोजतात, बऱ्याच डिस्ट्रिक्ट शुक्रवारी सकाळी. जागा म्हणजे लेझर सेंटर (क्रीडा संकुल), बॅडमिंटन कोर्टावर टेबलं मांडलेली. आधी पडताळणी, म्हणजे केंद्रावर जितके कागद दिले गेले तितकेच पेटीतून निघाले का. हे चालू असताना आम्ही टेबलापलीकडून डोकावून नमुना घेतो, कागद उलगडताना कोणाच्या नावापुढे फुली दिसतेय त्याच्या पाच पाचच्या रेघा मारायच्या, अर्ध्या तासात अंदाज येतो की आपण गेलो का राहिलो. हात लावायचा नाही, बोलायचं ते फक्त अधिकाऱ्याशी.

खरी मजा दोन-तीन जागांच्या वॉर्डात. तिथे मतदाराला जागा तितक्या फुल्या. ज्यांनी दोन्ही फुल्या एकाच पक्षाला दिल्या ते कागद बाजूला काढून पटापट मोजतात. पण एक फुली ग्रीनला, एक लिबडेमला किंवा एकच फुली मारून दुसरी सोडून दिली, असे कागद एका मोठ्या तक्त्यावर एकाखाली एक चिकटवतात, नावांची बाजू दिसेल असे, आणि मग आडव्या ओळीत उमेदवारागणिक फुल्या मोजतात. वेळखाऊ काम. त्यातूनच कळतं लोक कसा विचार करतात. माझ्या समोरच्या गठ्ठ्यात एक टोरी एक ग्रीन अशी जोडी इतकी होती की आमच्या पक्षाचे जुने जाणते लोक येऊन येऊन बघत होते.

बाद मतांचा वेगळा सोहळा. उमेदवारांचे एजंट आणि रिटर्निंग ऑफिसर गोल करून उभे राहतात आणि एकेक कागद सगळ्यांना दाखवून निर्णय. कोणी सगळ्यांवर काट मारून खाली शिवी लिहिलेली असते. पण कोणी फुलीच्या ऐवजी एका नावापुढे हसरा चेहरा काढला असेल तर ते मत वैध, कारण मतदाराचा हेतू स्पष्ट आहे. बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकून निकाल.

---

कोथरूडकर | ८ मे २०२३
@देवनागरी_पेन्सिल, क्या बात है. आपल्याकडे २०१७ ला चार जणांचा प्रभाग होता पण त्यात अ ब क ड चार वेगळ्या जागा, प्रत्येक जागेला स्वतंत्र मत आणि चार वेळा बटण. तुमच्याकडे एकाच यादीत दोन फुल्या, म्हणजे एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांचीच मतं खाऊ शकतात की! आणि खर्च किती करतात हो हे लोक? इथे नगरसेवकाचा खर्च... जाऊ दे.

---

देवनागरी_पेन्सिल | ९ मे २०२३
खातात ना. आडनाव वर्णक्रमात वर असलं तर दोन-चार मतं जास्त मिळतात असंही इथले कार्यकर्ते मानतात, कारण लोक वरून खाली येतात.

खर्च: डिपॉझिट नाहीच लोकलला. अर्जावर दोन मतदारांच्या सह्या. खर्चाची मर्यादा यंदा (२०२३ ला) ८०६ पौंड अधिक मतदारामागे ७ पेन्स. समजा वॉर्डात अडीच हजार मतदार आहेत तर ९८१ पौंड, एवढ्यात सगळं बसवायचं, आणि बरेच जण त्याच्या निम्मे पण करत नाहीत. मुख्य खर्च पत्रकं छापायचा, वाटायचं स्वतः चालत. कुत्र्यापासून बोटं सांभाळत लेटरबॉक्समध्ये कागद सरकवणं ही एक वेगळीच कला आहे. निवडून आल्यावर पगार नाही, भत्ता मिळतो, त्यामुळे रिटायर्ड लोक जास्त आणि लहान मुलं असलेल्या बायका कमी, हे मात्र खटकतं.

---

टवाळ_टिकोजी | ९ मे २०२३
हे सगळं गोड आहे पण मतदानाचा टक्का सांगा की. तिघांतला एक येतो मत द्यायला लोकलला. त्या एकाच्या जिवावर क्रांती म्हणायचं? लिबडेमचं पण बघा, त्यांच्या पत्रकावर कायम एक बार चार्ट असतो आणि खाली 'इथे लेबर जिंकूच शकत नाही'. त्यांनी परवा विंडसर घेतलं, स्ट्रॅटफर्ड घेतलं, टोरी मंत्री गोव्हच्या सरे हीथमध्ये बहुमत घेतलं. तिकडे पण लोक त्यांच्या प्रेमात पडले असं नाही, टोरींना पाडायला जो जवळ होता त्याला मत. सफोकमध्ये जवळ होता तो ग्रीन. संपला विषय.

---

सफोककर | ९ मे २०२३
टिकोजी, तुमचं निम्मं मान्य. पण 'जवळ होता' हे कसं झालं ते सोडून देताय तुम्ही. १२ जागा आधी मिळवल्या म्हणून जवळ होते. शेजारच्या बाबर्गमध्ये, जिथे अधिकारी सगळे आमच्याबरोबर सामायिक आहेत, चीफ एक्झिक्युटिव्ह एकच, तिथे ग्रीन सगळ्यात मोठा पक्ष झाला पण ३२ पैकी १० वरच थांबला, बरेच अपक्ष आले. सुनक दोन्हीकडे तोच, खांब दोन्हीकडे तेच. फरक आहे तो वॉर्डात कोण किती वर्षं फिरलंय त्याचा.

बाय द वे या दोन कौन्सिलींच्या विलीनीकरणाचं २०११ ला मतदान झालेलं, मिड सफोक हो म्हणाली आणि बाबर्ग नाही. तरी ऑफिस एकच, आणि ते दोन्ही डिस्ट्रिक्टच्या बाहेर, इप्सविचमध्ये, एंडेव्हर हाऊसला, कौंटी कौन्सिलच्याच इमारतीत. म्हणजे माझ्या कौन्सिलला भेटायला मी माझ्या डिस्ट्रिक्टच्या बाहेर जायचं.

---

लेस्टरची_माई | २४ सप्टेंबर २०२३
आयडीबद्दल राहून गेलेलं. निवडणूक आयोगाचा अहवाल आलाय, निदान १४ हजार लोक आयडी नसल्याने केंद्रावरून मत न देता परत गेले. म्हाताऱ्यांचा बस पास चालतो पण तरुणांचा ट्रॅव्हल पास चालत नाही, हा कुठला न्याय ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

---

कोथरूडकर | १२ जुलै २०२४
धागा वर काढतोय. ४ जुलैच्या निकालात ग्रीनचे चार खासदार आले त्यात एक वेव्हनी व्हॅली दिसतंय, हे तुमच्याच बाजूचं ना सफोककर?

---

सफोककर | १३ जुलै २०२४
होय. नवीनच मतदारसंघ, सफोक आणि नॉरफोकच्या हद्दीवर पसरलेला, आमच्या डिस्ट्रिक्टचा आय वगैरे उत्तरेचा भाग त्यात येतो. एड्रियन रॅमसी, पक्षाचे सहनेते, जिंकले. डिस्ट्रिक्टमध्ये पाया घातला नसता तर हा भाग टोरींचा बालेकिल्लाच राहिला असता.

आणि टिकोजी यायच्या आधी मीच लिहितो: निवडून आल्याआल्या रॅमसी म्हणाले खांबांच्या प्रकल्पाला जरा थांबवा आणि पर्याय तपासा. देशभरातून टीका, ग्रीनचा खासदार ग्रीन विजेला आडवा येतो म्हणून. पण ज्यांच्या मतांवर ते निवडून आले त्यांना त्यांनी तेच वचन दिलेलं होतं. ब्रायटन पॅव्हिलियन आणि ब्रिस्टल सेंट्रल या शहरी जागांचा ग्रीन मतदार वेगळा, इथला वेगळा, आणि पक्ष एकच. हे ताणलं जाणार.

---

टवाळ_टिकोजी | १३ जुलै २०२४
मी काही बोललोच नाही. :)

---

स्लाउवासी | ५ ऑक्टोबर २०२५
पुन्हा वर काढतो. सफोककर, तुमची डिस्ट्रिक्ट कौन्सिलच बंद होणार म्हणे?

---

सफोककर | ६ ऑक्टोबर २०२५
होय हो. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत लेबर सरकारने ठरवलंय की डिस्ट्रिक्ट आणि कौंटी ही दोन मजली पद्धतच काढून टाकायची, सगळीकडे तुमच्यासारख्या युनिटरी. त्यासाठी सफोक कौंटीची मे २०२५ ची निवडणूक पुढे ढकलली, नॉरफोक, एसेक्सची पण, त्यामुळे नायजेल फराजच्या रिफॉर्म पार्टीची जी लाट बाकी कौंट्यांमध्ये आली ती इथे मोजलीच गेली नाही. आता सप्टेंबरात प्रस्ताव गेलेत. कौंटी म्हणते अख्ख्या सफोकची एकच कौन्सिल करा, डिस्ट्रिक्ट म्हणतात तीन करा. ठरेल ते लंडनला, आणि नवीन व्यवस्था एप्रिल २०२८ पासून.

पक्षात पण ताणलं गेलंच. सप्टेंबरात नेतृत्वाची निवडणूक झाली त्यात रॅमसी मोठ्या फरकाने हरले आणि झॅक पोलन्स्की आले, लंडनचे, भाषा एकदम वेगळी, भाडी, अब्जाधीश, गाझा. तरुण सभासद धडाधड वाढतायत. इथल्या पत्रकावर मात्र अजून प्लॅनिंगच्या तारखाच असतात.

---

कोथरूडकर | ६ ऑक्टोबर २०२५
म्हणजे पहिलं बहुमत मिळालं तीच कौन्सिल गायब! आमच्याकडे आता कोर्टाच्या आदेशाने निवडणुका व्हायच्या हालचाली सुरू आहेत बाबा एकदाच्या. पण एक सांगा, एवढ्या मोठ्या एकाच कौन्सिलमध्ये तुमच्या गावाचे कौन्सिलर किती उरणार?

---

सफोककर | ७ ऑक्टोबर २०२५
आकडा अजून ठरायचाय, पण आत्ता आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ३४ आहेत आणि कौंटीत आमच्या भागाचे वेगळे, ते सगळे मिळून जेवढे होतात त्याच्यापेक्षा बरेच कमी होणार हे नक्की, त्यासाठीच तर चाललंय हे, पैसे वाचवायला. अडीच हजार मतदारांच्या वॉर्डात एक माणूस चपला झिजवून निवडून येऊ शकतो. वॉर्ड तिप्पट-चौपट मोठा झाला की मग पक्षाचं चिन्ह आणि टीव्हीच. टिकोजींचं म्हणणं तेव्हा शंभर टक्के खरं ठरेल.

---

टवाळ_टिकोजी | ७ ऑक्टोबर २०२५
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आणि त्या खांबांचं काय झालं शेवटी?

---

सफोककर | ७ ऑक्टोबर २०२५
नॅशनल ग्रिडने माघार घेतलेली नाही. विरोधाच्या पाट्या अजून लागलेल्या आहेत, काही तर नव्याने रंगवल्यात.